मागच्या बाजूने

जुन्या मिलिंग मशीनवर तिची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे कारखान्यात नवं मशीन आलं तेव्हा सगळे प्रोग्राम नव्या कंट्रोलसाठी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकासाठी, बदलून लिहायचं काम आपसूकच तिच्या गळ्यात पडलं. सरळ रेषांनी त्रास दिला नाही, पण गोलाई आली की दोन्ही मशीनचं जमेना. एकाला वर्तुळाचा मध्य कामाच्या शून्यापासून, म्हणजे सगळी मापं जिथून धरतात त्या बिंदूपासून, मोजून हवा असे, दुसऱ्याला कंस सुरू होतो तिथून. तेही तिने पचवलं. मग साच्यावरचा उभा, घुमटासारखा फुगवटा कापायची वेळ आली, आणि कटर वर चढून पलीकडे उतरायच्या ऐवजी थेट पोलादात घुसून मोडला.

मशीन चालवणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याने लाल बटण दाबलं.

"ताई, घड्याळाच्या दिशेनेच लिहिलंय ना?"

"हो. पुन्हा पुन्हा बघितलंय."

मशीन बसवून गेलेला इंजिनियर फोनवर हसला. "दिशा बरोबर आहे हो, पण उभ्या कंसाला हा कंट्रोल समोरून बघतच नाही. मागून बघतो. तुम्ही मशीनच्या पाठीमागे उभ्या आहात असं समजा, लगेच सुटेल."

नुसती दिशा उलटी लिहून भागलं असतं, पण डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा तिचा हट्ट. त्यामुळे ती डोळे मिटून मनाने मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राही आणि तिथून पाही: कटर, साचा, पुढची काच, काचेपलीकडे मिस्त्रीचा चष्मा. एकामागून एक साचे निर्दोष उतरू लागले. एका दुपारी मात्र काचेपलीकडे मिस्त्रीच्या शेजारी तिला एक बाई दिसली, डोळे मिटून उभी, कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. तिने दचकून डोळे उघडले, मानेला हात लावला. कॉलर दुमडलेलीच होती.

त्यानंतर तिचा जीव कशात रमेना. घरात नळ उलटा फिरवायची, दाराची मूठ भलत्याच बाजूला चाचपायची. एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "केस कापून घे की, मानेवर किती आलेत."

"समोर बसून तुला माझी मान कशी दिसते गं?" तो हसला, आणि मग त्याने मानेवरून हात फिरवला. केस खरंच वाढले होते.

दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रीला सांगितलं, "उभे कंस मला नकोत आता. दुसरं कुणीतरी लिहू दे."

"का हो? तुमचा एकही पीस नापास होऊन परत आलेला नाही." तो जरा घुटमळला. "पण ते मागे जाऊन उभं राहणं तेवढं बंद करा. केबल आहेत तिथे, पाय अडकेल कुठेतरी."

"मी कधी गेले मागे?"

मिस्त्री ब्रश घेऊन टेबलावरचा लोखंडी कीस झाडू लागला.

तिने रजा टाकली. घरात ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येरझारा घाली, बसली तर भिंतीला पाठ टेकूनच बसे. हळूहळू झोप लागू लागली, भूक लागू लागली. कामावर परत जायचं ठरलं त्या सकाळी ती पलंगाच्या कडेवर बसून शाळेला निघालेल्या लेकीची वेणी घालत होती. लेक पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेली.

"आई, घट्ट घाल. काल सुटली होती."

"हलू नकोस मग."

मुलीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात झोप साचलेली होती, खालचा ओठ दातांत धरलेला होता. किती गोड दिसते ही, असं तिला वाटलं, आणि मग लक्षात आलं, लेक तर पाठ करून बसली होती. मुलीच्या मागे पलंगावर बसलेल्या बाईची बोटं केसांतून सराईतपणे फिरत होती. तिने ती थांबवू पाहिली. बोटं थांबली नाहीत. शेवटचा पेड घालून त्यांनी वेणीला रबर लावलं. बाईने वाकून भांगाची पापी घेतली, तशी मुलगी खुदकन हसली.

"झालं," ती बाई म्हणाली, आणि मान वर करून मुलीच्या डोक्यावरून सरळ तिच्याकडे पाहू लागली.