तिसऱ्या मजल्यावरचं माहेर

"ही बाई इथे राहते?" हवालदारांनी दारातूनच विचारलं.

आतल्या खोलीत नीमा माझ्या बहिणीचा, अक्काचा, पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू वर उचलत होती. दोरीवर तिचे पंजाबी ड्रेस वाळत होते आणि कपाटाशी तिची निळी बॅग होती. हवालदारांना ते सगळं दारातून दिसत होतं.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, सध्या."

"सध्या म्हणजे?"

"आखाड संपेपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि नवरा पहिल्या मजल्यावर राहतो."

"हो."

"बरं. म्हातारीचं सगळं हीच करते का? पगार किती देता?"

"पगार नाही घेत ती," मी घाईने म्हणालो. "तिला घेता येत नाही. तिचा व्हिसा…"

माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात आहे एवढंच लोकांना सांगायचं, त्यापलीकडे बोलण्याची सवय नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दाने हवालदारांची शंका वाढत होती. नीमा बाहेर आली, ओढणीला हात पुसत म्हणाली, "या ना, चहा ठेवते." तिचं ते घरच्यासारखं बोलणंही त्यांनी बहुधा लिहून घेतलं. चहा न घेता ते गेले.

नीमा टांझानियाची. म्बेया नावाच्या डोंगराळ गावातून ती कर्वेनगरच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकायला आली. मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर काम करणारा पृथ्वीराज पोकळे खांदा दुखावून तिच्या कॉलेजच्या दवाखान्यात गेला आणि खांदा बरा झाल्यावरही जात राहिला. यथावकाश त्यांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. पृथ्वीराजच्या आई मथुराबाई महिनाभर कोणाशी बोलल्या नाहीत. मग एकदा नीमाने मक्याच्या पिठाचं तिच्याकडचं उगाली केलं. मथुराबाईंनी बोटाने चाखलं आणि म्हणाल्या, "ही तर आपली उकडच हाय. नुसतं मीठ कमी हाय." त्या दिवसापासून स्वयंपाकघरात दोघी एकत्र दिसू लागल्या.

आमची इमारत धायरीतली, पोकळ्यांच्याच वावरात गुंठेवारीत उभी राहिलेली. लिफ्ट नाही. अक्का गेल्या वर्षी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती तिसऱ्या मजल्यावर अडकली. नीमा रोज येऊन तिच्याकडून व्यायाम करून घ्यायची. मी एकदा भीत भीत पाकीट पुढे केलं, तर ती दोन पावलं मागे सरकली. "काका, तसं चालत न्हाई. माझ्याकडं कामाची परवानगी न्हाई." शिक्षणाचा व्हिसा संपत आलेला, लग्नाच्या व्हिसासाठी अर्ज केलेला, तो मिळाला की मग नोकरीच्या परवानगीचं बघायचं. सिंहगड रस्त्यावरच्या एका रुग्णालयाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ती रोज सकाळी लवकर उठून पांढरा कोट इस्त्री करायची आणि परत अडकवून ठेवायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सवय मोडू नये म्हणून."

आषाढ लागायच्या आधी मथुराबाई नारळ घेऊन वर आल्या. त्या मला मास्तर म्हणतात. मी कधी शिकवलं नाही हे त्यांना सांगायचं राहून गेलं आहे.

"मास्तर, आमच्यात पहिल्या आखाडात नवी सून माहेरी जाती. सासूनं सुनंचं तोंड बघायचं न्हाई, नवऱ्यानं लांब ऱ्हायचं. म्या पाळला, माझ्या सासूनं पाळला. आता हिचं माहेर समुद्रापल्याड. ती म्हणती तिकडं गेलं तर सरकार फाईल बंद करतं."

"मग नाही पाळला या वेळी तर?" मी विचारलं.

"कसं न्हाई? आपल्यातली सून असती तर पाळला नसता का? मंग ही परकी म्हणून सोडायचा?" त्यांनी नारळ अक्कासमोर ठेवला. "तुमच्या घरात लेक न्हाई, हिला माहेर न्हाई. मंग?"

अक्काने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "पाठवा."

अशी नीमा निळी बॅग घेऊन आमच्याकडे माहेरपणाला आली. माहेरी लेकीने काम करायचं नसतं हे मी कुठेतरी वाचलेलं, म्हणून पहिल्या दिवशी मी तिला भांडं उचलू देईना. तिने दुपारपर्यंत सहन केलं, मग माझ्या हातचं वरण चाखून स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

चौकशीसाठी पोलीस येणार हे सगळ्यांना माहीत होतं. परदेशी बाईने इथल्या माणसाशी लग्न केलं की दोघं खरंच एकत्र राहतात का हे येऊन बघतात. ते आखाडातच येतील हे मात्र कोणाच्या मनात आलं नाही. हवालदार आधी पहिल्या मजल्यावर गेले. मथुराबाईंनी अभिमानाने सांगितलं, "सून माहेरी गेलीया. वर, तिसऱ्या मजल्यावर."

चार दिवसांनी पृथ्वीराजला पोलीस कार्यालयातून फोन आला. बायको सोबत राहत नाही, वरच्या मजल्यावर एका वृद्धेकडे कामाला आहे, असा शेरा गेला होता. दोन्ही गोष्टी एकेकट्याही पुरेशा होत्या. अर्ज फेटाळला गेला असता तर नीमाला देश सोडून जावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी जिन्यात सभा भरली. मथुराबाई पहिल्या मजल्यावर खाली मान घालून उभ्या, सुनेचं तोंड दिसू नये म्हणून. नीमा वर, कठड्यापासून मागे सरून. पृथ्वीराज मधल्या पायऱ्यांवर.

"मास्तर, पोरीला खाली धाडा," मथुराबाई जमिनीशी बोलल्या. "आखाड गेला उडत. पोरगी हातची जायची."

"आई, थांब. सिंपल आहे," पृथ्वीराज म्हणाला. "सांगू, त्या दिवशी अक्कांना बरं नव्हतं म्हणून ती वर थांबली होती. कपडे गच्ची जवळ पडते म्हणून वर वाळत घातले. काका फक्त हो म्हणतील."

मी हो म्हणायला तयार होतो. तेवढं मला जमलं असतं.

"न्हाई," नीमा वरून म्हणाली. "आपलं लग्न खरं हाय. ते सांगायला खोटं कशाला पायजे? एक खोटं सापडलं की त्यांना लग्न बी खोटं वाटंल. आपण काय करतोय ते सांगू."

"त्यांना नाही कळणार गं."

"मला कळलं की. मी तर बाहेरची."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाईंनी दार उघडलं. बँकेतून निवृत्त झालेल्या, सोसायटीच्या चिटणीस. "बैठक संपली असेल तर मला गिरणीत जायचंय," त्या म्हणाल्या. "आणि नसेल संपली तर तसा फलक लावा. मी पीठ विकत आणेन."

पोलीस कार्यालयात नीमा आणि पृथ्वीराजबरोबर मी लोकरीतीवरच्या पुस्तकांतून उतरवून घेतलेली टिपणं खिशात घेऊन गेलो होतो. ती खिशातच राहिली. समोर उपनिरीक्षक मॅडम होत्या, अकोल्याकडच्या. त्यांनी कागद वाचला, आम्हा तिघांकडे पाहिलं.

"म्हणजे सासूनं सुनेचं तोंड बघायचं नाही, नवऱ्यानं लांब राहायचं," त्या म्हणाल्या, "आणि मी लिहायचं की नवरा-बायको एकत्र राहतात. आमच्याकडे असलं काही नसतं."

"मॅडम," नीमा म्हणाली, "हे लांब राहणं बी लग्नामुळंच हाय. लग्न नसतं तर कशाला लांब राहिलो असतो?"

मॅडमचं पेन थांबलं. "मराठी कुठे शिकलात?"

"सासूकडं."

"कळतंय ते." पेन परत चालू झालं. "आणि त्या वृद्ध बाईंना व्यायाम देता, ते काम नाही?"

"माहेरच्या माणसाचा पाय दुखतो. मला त्यातलं कळतं. मी गप बसू?"

"प्रश्न मी विचारायचे असतात." मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण यांचे?"

पुन्हा मलाच प्रश्न. मी म्हणालो, "ती आमच्याकडे माहेरपणाला आलीय."

"मोठ्यानं बोला."

मी बोललो. फारच मोठ्याने. पलीकडच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. माझे कान तापले, पण नीमाने मान ताठ ठेवली होती, तिच्याकडे बघून मीही ठेवली. हिच्या जागी मी असतो, परक्या देशात, परक्या भाषेत, समोर खाकी गणवेश, तर पृथ्वीराजने सुचवलेलं खोटं एका दमात सांगून मोकळा झालो असतो.

"मी स्वतः येऊन बघेन," मॅडम म्हणाल्या. "कधी ते सांगणार नाही."

बाहेर आल्यावर पृथ्वीराज म्हणाला, "अजून वेळ आहे. चल खाली राहायला. मॅडम येतील तेव्हा घरात दिसशील."

"आणि आत जाऊन काय बोलले मी?" नीमा म्हणाली. त्याने हात जोडले.

त्या दिवसांत तिची आई फोनवर दिसायची. मागे मका उभा असायचा. नीमा फोन अक्कापुढे धरायची. दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत पायाची चौकशी करायच्या. फोन ठेवल्यावर नीमा थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि आम्ही दोघं उगाच भांडी वाजवायचो.

मॅडम आल्या त्या अशाच एका संध्याकाळी, साध्या साडीत. मी दार लोटायला उठलो होतो म्हणून मला कठड्यावरून खालचं दिसलं.

दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर ते दोघं बसले होते. रोजच बसायचे. ती वरून खाली यायची, तो खालून वर. दोघांमध्ये दोन पायऱ्या रिकाम्या सोडायचे, आणि त्या पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगांचा वाडगा. तो मार्केट यार्डातलं काहीबाही सांगायचा. ती टरफलं ओंजळीत जमवायची. नवरा-बायकोने लांब राहायचं म्हणजे किती लांब, हे मथुराबाईंनी सांगितलं नव्हतं. ते अंतर त्यांनीच ठरवलं होतं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की हे कुणाला सांगावं असं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मॅडम खालच्या पायरीवर थांबल्या. दोघं गडबडून उठले.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

द्वारकाबाईंचं दार उघडलं. त्यांनी मॅडमना ओळखलं नाही. "तुम्हाला वर जायचंय का? मग भिंतीला चिकटून जा. इथे रोज संध्याकाळी हे दोघं आणि त्यांचा वाडगा असतो. सोसायटीत लेखी विषय मांडणार आहे मी."

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज. महिना होत आला. घरं दोन आहेत, दोन्हींना दिवाणखाना आहे, पण यांना माझा जिनाच लागतो. एकमेकांशी बोलणं काही संपत नाही यांचं. कुठल्या विषयावर बोलतात देव जाणे."

मॅडमनी पर्समधून कागद काढला. "मी पोलीस खात्यातून आलेय. हे जबाब म्हणून लिहून घेऊ?"

द्वारकाबाई क्षणभर गडबडल्या. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं, टरफलांनी भरलेल्या नीमाच्या ओंजळीकडे पाहिलं. मग चष्मा नीट केला.

"घ्या लिहून," त्या म्हणाल्या. "पण तक्रार म्हणून लिहा."

"तक्रार म्हणूनच लिहिते," मॅडम म्हणाल्या, आणि पायरीवर बसूनच लिहू लागल्या. मग वर येऊन त्यांनी अक्काचा पाय पाहिला, चहा घेतला, आणि अक्काला विचारलं, "मुलगी त्रास देते का हो?" अक्का म्हणाली, "फार. चालायला लावते."

अवसेच्या दुसऱ्या दिवशी आखाड संपला. लेकीला पोचवायला माहेरच्यांनी जायचं असतं असं अक्काने जाहीर केलं आणि काठी मागितली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने नीमाचा खांदा, अशी ती वर्षभरानंतर जिना उतरली. मी मागून निळी बॅग आणि नारळ घेऊन. पहिल्या मजल्यावर मथुराबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकला, मग सुनेची हनुवटी धरून तोंड इकडून तिकडून बघितलं. "वाळलीस," त्या म्हणाल्या. "मास्तरांकडं खायला मिळालं न्हाई वाटतं."

लग्नाचा व्हिसा थंडीत आला. नोकरीची परवानगी त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. पांढरा कोट अडकवलेला होता तिथून निघाला. आता ती सकाळी लवकर जाते, संध्याकाळी दमून येते, आणि तिच्या घरी जाते, जसं जायला हवं. अक्का एकटी जिना चढते-उतरते, त्यामुळे नीमाला वर येण्याचं तसं कारण उरलेलं नाही. रविवारी येते.

मागच्या आठवड्यात ती म्बेयाला गेली, आईकडे, महिनाभर. टॅक्सीत बसताना म्हणाली, "काका, माहेरी जाऊन येते." मी हात हलवला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, 'लवकर ये'. मला ते टॅक्सी वळल्यावर सुचलं.

परत येताना द्वारकाबाई पिशवी घेऊन उतरत होत्या. मी खालीच थांबलो. जिना पूर्ण मोकळा होता, तरी त्या भिंतीला धरून, अंग चोरून उतरल्या. त्या गेल्यावर मीही भिंतीकडूनच वर चढलो.