बदलायची राहिलेली पाळी

शहराबाहेर, बोगादी गावाच्या पुढे, जिथे प्लॉटचे दगड रोवलेत पण घरं अजून उठायची आहेत, तिथे एका खासगी संस्थेच्या शेडमध्ये एक अंतराळयान उभं होतं. ते कधीच उडणार नव्हतं. चार माणसांना त्यात दोन महिने कोंडायचं आणि यानात राहणाऱ्यांनी दिवस-रात्र कशी वाटून घ्यावी ते पाहायचं, एवढ्यासाठीच ते बांधलं होतं. दोघं जागी, दोघं झोपलेली. महिन्यानंतर पाळ्यांची अदलाबदल.

मेघाश्री आणि तिचा नवरा रविकिरण दोघंही निवडले गेले, तेव्हा सासूबाईंना, इंदिराबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. "आपल्या रंगाऱ्यांच्या घरातलं कुणी एवढं वर गेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"वर कुठे आई, शेडमध्येच आहोत," मेघाश्री हसून म्हणाली होती.

रविकिरण यानाचा प्रमुख झाला. त्याला आणि पुनीतला दिवसपाळी मिळाली, मेघाश्री आणि तुंगाला रात्रपाळी. तुंगा नंजनगूडची, तिथल्याच औषधांच्या कारखान्यातली नोकरी सोडून आलेली. वयाने लहान, म्हणून मेघाश्रीला अक्का म्हणायची.

यानातली रात्र दिव्यांनी केलेली होती. बाहेर भर दुपार असली तरी आत दिवे मंद होत, आणि पत्र्यापलीकडून शाळेतून परतणाऱ्या पोरांचा गलका ऐकत त्या दोघी मोजे घालून, पाऊल न वाजवता हवेचे फिल्टर साफ करत. प्रयोग यानातल्या दिवसा व्हायचे. बाहेरच्यांशी बोलणं दिवसा, गरम जेवण दिवसा. पलंग दोनच होते. रविकिरण उठला की त्याच्याच कोमट गादीवर मेघाश्री आडवी व्हायची आणि डोळे मिटून पुनीतचं हसणं ऐकत राहायची. झोप अशी यायचीच नाही. तुंगा तर दिवसेंदिवस जेवणही अर्धवट टाकायला लागली होती.

महिना भरत आला तसा रविकिरण पाळी सोपवताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सहना मॅडमशी बोललो. आमचे प्रयोग अर्ध्यावर आलेत, आता अदलाबदल नको म्हणतोय. झेपेल ना तुला?"

पुनीत शेजारीच उभा होता. आत बोललेला शब्दन् शब्द बाहेर सहना मॅडम ऐकत असत, सगळा अभ्यास त्यांच्याच हाताखाली चाललेला. नाही म्हणणारीच्या नावापुढे काय लागेल ते मेघाश्रीला ठाऊक होतं.

"झेपेल," ती म्हणाली.

"आणि तुंगाला?"

"तिला मी सांगते."

तुंगा एक मोजा हातात धरून ऐकत राहिली. "अक्का, मला नाही जमणार हो," ती हळूच म्हणाली. "डोळे उघडे असतात आणि मी कुठे असते तेच कळत नाही."

"आता कच खाल्लीस तर पुढच्या फेरीत आपल्याला घेतील का? सुम्ने, गप्प राहा. थोडेच दिवस उरलेत."

तुंगाने दुसरा मोजा घातला.

पुढे एका पाळीत बाहेरच्यांनी न सांगता हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पाडलं. सराव होता तो. यंत्रांच्या फलकावर तांबडा दिवा लागला. घंटा वाजली नाही, कारण झोपणाऱ्यांना त्रास नको म्हणून रविकिरणने ती रात्रीपुरती बंद करून घेतली होती. मेघाश्री मागच्या बाजूला फिल्टर झटकत होती. तुंगा फलकासमोर ताठ बसली होती, डोळे उघडे, आणि गाढ झोपलेली. मेघाश्रीची नजर दिव्याकडे गेली तोवर भिंतीतून आवाज आला, "सराव संपला. चौघेही मृत."

दोन महिने संपवून बाहेर आल्यावर सहना मॅडमनी चौघांना बोलावलं. आत जाण्याआधी रविकिरणने मेघाश्रीला बाजूला घेतलं. "पाळीचा आणि घंटेचा विषय काढू नकोस. माझ्यावर आलं तर आपल्या दोघांचंही नाव यादीतून जाईल."

"दिवा लागला तेव्हा फलकासमोर कोण होतं?" सहना मॅडमनी विचारलं.

"तुंगा," मेघाश्री म्हणाली.

ते खरंच होतं. तुंगा तिच्याकडे पाहत राहिली, पुढचं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. "आणखी कुणाला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं. तुंगाने मान खाली घातली.

पुढच्या फेरीसाठी रविकिरण आणि पुनीतची नावं आली. दिवसपाळी शेवटपर्यंत स्थिर राहिली, रात्रपाळी ढासळली, असा निष्कर्ष निघाला होता.

घरी आल्यावर मेघाश्री म्हणाली, "तिथे तू गप्प का बसलास?"

"तू तरी कुठे बोललीस?" रविकिरण म्हणाला, आणि बॅग भरायला लागला.

ती बसने नंजनगूडला गेली. तुंगाने कॉफी दिली, समोर बसली. मेघाश्री म्हणाली, "मी मॅडमना सगळं सांगणार आहे. पाळीचं, घंटेचं. तू बरोबर चल."

"तुमचंही नाव यादीत आलं असतं," तुंगाने विचारलं, "तर आज आला असता का, अक्का?"

मेघाश्रीने कॉफी संपवली. उत्तर तिला ठाऊक होतं आणि तुंगालाही.

मेघाश्री एकटीच संस्थेत गेली. सहना मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही 'झेपेल' म्हणालात ते मी स्वतः ऐकलंय," त्या म्हणाल्या. "निवड झाली आहे. आता काही बदलणार नाही." फक्त त्यांनी रविकिरणला फोन करून विचारणा केली, तेवढ्याने घरी कळायचं ते कळलं.

पुढच्या फेरीसाठी निघताना रविकिरणने फक्त आईचा निरोप घेतला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली तशा इंदिराबाई आत आल्या. "स्वतःच्या नवऱ्याला खाली ओढून तुला काय मिळालं गं?"

"काही नाही, आई," मेघाश्री म्हणाली. "त्या पोरीलाही काही मिळालं नाही."

आणि बाहेर लख्ख ऊन असताना खोलीचे पडदे ओढून ती झोपायला गेली.