दार दिसेल अशी जागा

"हॉटेल निवडायचं ना, मग आधी दार बघ. किती आहेत, कुठं उघडतात, वाटेत कोण बसतं. जेवणाचं मागाहून."

माझी मोठी बहीण अस्सेलेफेच हे बोलली तेव्हा तिचा जबडा तारेनं बांधलेला होता. शब्द दातांच्या फटींतून गाळून यावेत तसे येत होते. दवाखान्यातल्या खाटेवर हॉटेलांचा विषय कसा निघाला म्हणाल, तर तिचा नवरा आज मारायचा आणि उद्या जेवायला न्यायचा. "आदिस अबाबातली सगळी चांगली हॉटेलं मी सुजल्या तोंडानं पाहिलीत," ती म्हणाली आणि हसायला गेली, तर तार ओढली जाऊन ओठातून रक्त आलं. मी ते पुसलं. तिनं माझं मनगट पकडलं.

"देमिसेव तुला ढकलतो. मला ठाऊक आहे."

"ढकलतो नुसता."

"माझाही आधी नुसता ढकलायचा. ऐक, येशी. पंच एकदा समेटाला आले तर मान राख त्यांचा. दुसऱ्यांदा आले तर कॉफी भाजू नकोस. सरळ पोलीस ठाण्यात जा. शब्द दे."

मी दिला. चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या घरी पंच तीनदा आले होते आणि तिन्ही वेळा तिनं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली होती. आमच्याकडे रुसलेल्या बायकोच्या दारात पंच उभेच राहतात. ती हो म्हणेपर्यंत बसत नाहीत, पाणीसुद्धा घेत नाहीत. तिनं शेगडी पेटवून कॉफीचे दाणे भाजायला घेतले की झाला समेट. वेगळं काही बोलावं लागत नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या टिमकतच्या सणाआधी देमिसेवनं मसाला कुटायच्या बत्त्यानं माझं डावं मनगट फोडलं. कारण विचाराल तर टायरच्या दुकानातून तो जेवायला आला तेव्हा मी देवळात होते. मी भावाकडे निघून गेले. आठवड्यानं पंच आले. पाच जण, नेटेला म्हणतात त्या पांढऱ्या शाली पांघरलेले, पुढे गाशे तेफेरा. देमिसेवच्या वडिलांचे ते जिवलग, दाढी छातीपर्यंत, बोलणं दुधासारखं. त्यांच्या मागे देमिसेव, मान वाकवून, मानेवर रिवाजाप्रमाणे क्षमेचा दगड. त्यानं मुख्य देवदूत मिकाएलची शपथ घेतली, "हा हात पुन्हा उठला तर मिकाएलनं तो कापावा." मला रडू आलं. मी प्लास्टरमधल्या हातानं तवा धरला आणि दाणे भाजले.

कॉफीचा तिसरा पेला झाल्यावर गाशे तेफेरांनी निकाल दिला. "येत्या लग्नाच्या वाढदिवसाला देमिसेव बायकोला शहरात जेवायला नेईल. जागा ती निवडेल. लोकांना दिसू दे, घर पुन्हा उभं राहिलंय."

"नऊ वर्षं होतायत," देमिसेव म्हणाला. "कुठंही सांग. कितीही महाग."

वाढदिवस बुधवारी येत होता, माझं प्लास्टर निघाल्यावर. बुधवार-शुक्रवार मी मांस, दूध, अंडं काही शिवत नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तेराव्या वर्षापासून एकही चुकला नाही, बाळ पडलं त्या आठवड्यातसुद्धा.

हॉटेल बघायला मी बिझुनेशला बरोबर घेतलं. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांच्या वेण्या घालते. तिच्या बोटांना आणि जिभेला विसावा म्हणून नाही.

पहिलं हॉटेल नवव्या मजल्यावर होतं. सगळं शहर खाली पसरलेलं.

"काय देखणं आहे गं!" बिझुनेश म्हणाली.

"नको."

"का? बाई, इथं तर नवऱ्यावर न रागावणारी बायकोही मिळेल मागितली तर."

"एकच लिफ्ट आहे. आणि खिडकी उघडते."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. लिफ्टचं बटण तिनंच दाबलं.

दुसऱ्या ठिकाणी बाजेवाले होते, नाचणाऱ्या मुली होत्या, खांदे असे उडवायच्या की बघत बसावं. पण ढोल इतके मोठ्यानं वाजत होते की किंचाळलेलं शेजारच्या टेबलाला ऐकू गेलं नसतं. शिवाय मधाची दारू. देमिसेवला मधाची दारू चढली की तो आधी गाणं म्हणतो.

तिसरं मला पटलं. स्टेडियमजवळ, तळमजल्यावर, पुढची भिंत अख्खी काचेची. दोन दारं, एक रस्त्यावर आणि एक मागे, भाज्या उतरवतात तिथं. उपासाचं जेवण वेगळ्या स्वयंपाकघरात शिजत होतं. इंजेराच्या मोठ्या पोळीवर वाटाण्याचं पिठलं, मसूर, कोबी, बीट. सगळं हातानं खायचं. सुरी कुठंच नव्हती. दारावरचा राखणदार आडव्या बांध्याचा होता.

"दादा, तुम्ही रात्री किती वाजेपर्यंत असता?" मी त्याला विचारलं.

"हॉटेल बंद होईपर्यंत, ताई. का हो?"

"अहो, ही लग्नाचा वाढदिवस करणारे," बिझुनेश मध्येच म्हणाली. "नवरा पळून जाऊ नये म्हणून बघते."

तो हसला. मीही हसले. कोपऱ्यातलं टेबल मी बुधवारसाठी राखून ठेवलं. दोन्ही दारं दिसतील, असं.

बाहेर आल्यावर बिझुनेशनं माझा हात घट्ट धरला. "लोक हॉटेलात मेन्यू बघतात गं, येशी," ती हळूच म्हणाली.

बुधवारी देमिसेव इस्त्रीचा शर्ट घालून आला. गाडीत मला बसवताना त्यानं दार उघडून धरलं. मी पांढरा झगा घातला होता, हिरव्या काठाचा, आईनं विणून घेतलेला. वर नेटेला. दिवसभर पोटात काही नव्हतं आणि मन कसं हलकं झालं होतं. मला वाटलं, मिकाएलनं ऐकलं.

स्टेडियम आलं. काचेची भिंत आली. ती मागे गेली.

"अरे, मागे राहिलं."

"ते भाजीपाल्याचं दुकान?" तो समोर बघत म्हणाला. "नऊ वर्षांचा संसार मी कोबी खाऊन साजरा करू? माणसं बोलावलीत मी."

"पंचांनी सांगितलं होतं की जागा..."

"पंच नाहीयेत गाडीत."

त्यानं गाडी थांबवली ती कच्च्या मांसाच्या खानावळीपुढे. दाराशीच सोललेले बैल टांगलेले, काही अख्खे, काही अर्धे, चरबी पिवळी. त्यांच्या मधून वाकून आत जावं लागत होतं. खाटीक एका लांब सुरीनं मांडीचा तुकडा काढत होता. बुधवार म्हणून गिऱ्हाईक कमी. मी दारं मोजली. एकच. वाटेत खाटीक.

त्याचे दोन मित्र आधीच बसले होते, सिलेशी आणि एक टायरचा दलाल. "या, या, नवरीबाई!" सिलेशी ओरडला. "अजून तशीच आहे रे ही. तुझंच पोट सुटलंय." देमिसेव मोठ्यानं हसला. त्यानं मला भिंतीकडे सरकवलं. मी नम्रपणे म्हटलं, "मला इकडची खुर्ची दे ना," आणि दाराकडे तोंड करून बसले. तेवढं जमलं.

लाकडी फळीवर मांस आलं, लालभडक, अजून थरथरतंय असं वाटावं इतकं ताजं. बरोबर तिघांना तीन सुऱ्या. बशीत मिरचीचं तिखट, मधाच्या दारूचे काचेचे चंबू. माझ्यापुढे कुणीही काही ठेवलं नाही. देमिसेव गाणं गुणगुणायला लागला.

मग त्यानं एक लांब पट्टी कापली, तिखटात लोळवली, इंजेरात गुंडाळली आणि माझ्या तोंडापुढे धरली. हातानं भरवलेला पहिला घास आमच्यात परत करत नाहीत. भरवणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं ते. त्याला हे ठाऊक होतं. बुधवारही ठाऊक होता.

"उघड."

"आज बुधवार आहे, देमिसेव. उद्या खाते तुझ्या हातचं. दोन खाते."

"देवाला मी सांगतो. उघड तोंड."

"भरवून घे की गं," सिलेशी म्हणाला. "कुठल्या बाईचा नवरा नऊ वर्षांनी भरवतो? माझी तर वाटच बघते."

घास माझ्या ओठांना लागला. मांसाचं रक्त हनुवटीवर ओघळलं. मी मान बाजूला केली, अगदी थोडी.

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. देमिसेवचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा. त्यानं डाव्या हातानं माझा जबडा धरला, अंगठा दातांत घातला आणि तो घास आत कोंबला. मी गुदमरले. एक दात वाकल्याचं मला कळलं. मांसाची चव होती की माझ्याच रक्ताची, ते आजही सांगता येत नाही. मी ते सगळं हातात ओकलं आणि फळीच्या कडेवर ठेवलं. फेकलं नाही. अन्न होतं ते.

त्यानं मूठ मारली. खुर्चीसकट मी भिंतीवर आदळले. दुसरी मूठ कानावर बसली आणि डोक्यात लांबवर घंटा वाजायला लागली. तो टेबल ओलांडून आला. चंबू फुटले. केस धरून त्यानं माझं तोंड फळीवर आपटलं, त्या मांसावर, एकदा, दोनदा, आणि मोजल्यासारखा दर वेळी म्हणत होता, "खा. खा." दोन दात तिथंच राहिले.

सिलेशी म्हणत होता, "अरे, पुरे, लोक बघतायत." लोक बघतायत, एवढंच तो म्हणत होता.

तिसऱ्यांदा माझं डोकं वर ओढलं तेव्हा देमिसेवच्या उजव्या हातात सुरी दिसली. ती त्यानं कधी उचलली, ते त्यालाही कळलं नसेल. माझा हात फळीवर चाचपडत होता. बोटांना तिखटाची बशी लागली. आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही. ती बशी मी त्याच्या डोळ्यांत उलटी केली आणि तळव्यानं चोळली.

तो ओरडला. तसं ओरडणं मी फक्त जनावराचं ऐकलं आहे. आंधळा होऊन तो सुरी फिरवत सुटला. पहिला वार माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत गेला, नेटेला फाडून, तेच बत्त्यानं फोडलेलं मनगट. दुसरा सिलेशीच्या गालावर. तिसरा कुठं जाणार तोच खाटकानं मागून त्याला कवेत धरून उचलला आणि जमिनीवर दाबला, बैल दाबतात तसा, गुडघा पाठीवर.

"जा, बाई," खाटीक धापा टाकत म्हणाला. "बघत काय उभी आहेस? दार मोकळं आहे."

टांगलेल्या बैलांमधून मी वाकून बाहेर आले. रस्त्यावर अजून उजेड होता.

हाताला एकवीस टाके पडले. डॉक्टरीण कागदावर सगळं नीट लिहून देत होती. कशानं झालं म्हणून विचारलं तर मी सुरीनं म्हटलं. कुणी, असं विचारलं तेव्हा बोलले नाही. तिनं ती ओळ कोरी ठेवली. "तुम्ही सांगाल तेव्हा भरू," ती म्हणाली. मी बिझुनेशच्या खोलीवर गेले.

सकाळी तिनं शेगडी पेटवली होती. गुरुवार. हिरवे दाणे धुऊन तव्यावर पसरले होते आणि पहिला धूर निघायच्या बेतात होता, तोच दारात सावल्या आल्या.

पाच जण. गाशे तेफेरा पुढे. मागे देमिसेव, डोळे सुजून मिटलेले, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन, मानेवर दगड. तोच दगड असावा. मला तो ओळखीचा वाटला.

"लाज नाही वाटत, इतक्या सकाळी?" बिझुनेश म्हणाली.

"पोरी, तू मध्ये बोलू नकोस." गाशेंचा आवाज दुधासारखाच होता. "येशी, लेकी, बघ तुझ्या नवऱ्याकडे. डोळे गेले असते त्याचे. तरी तक्रार करत नाही. मिकाएलच्या नावानं क्षमा मागतोय."

"येशी," देमिसेव म्हणाला. तो रडत होता, की तिखटाचं पाणी होतं, कोण जाणे. "तू म्हणशील त्या हॉटेलात. पुढच्या वर्षी. काचेच्या त्या. देवाशपथ."

"तू इतकी देवभक्त," गाशे म्हणाले. "देवदूताच्या नावाला नाही म्हणशील? आम्ही म्हातारे उभे आहोत. तवा तापलेला दिसतोय."

सगळ्यांची नजर तव्याकडे गेली. माझीसुद्धा. दाणे पिवळे व्हायला लागले होते. वास सुटला होता. खरं सांगते, हात आपोआप उलथन्याकडे गेला. नऊ वर्षांची सवय. गाशे तेफेरांनी बसण्यासाठी नेटेलाचं टोक सावरलं.

मी तवा उतरवला. दाणे गरम होते, बोटं पोळली. ते मी परत डब्यात ओतले आणि झाकण लावलं. शेगडीवर राख ओढली.

"क्षमा केली, गाशे," मी म्हटलं. सुजलेल्या तोंडातून शब्द गाळून आल्यासारखे आले आणि माझ्याच अंगावर काटा आला. "मिकाएलसाठी केली. तुम्ही दमला असाल, बसा."

"मग कॉफी?"

"शब्द दिलाय एकीला."

डॉक्टरीणबाईंचा कागद मी पोलक्यात ठेवला. चपलांचे बंद एका हातानं बांधता येईनात, तर बिझुनेश खाली बसली आणि तिनं बांधले, दुहेरी गाठ मारून. देमिसेव दारातच उभा होता. दगडामुळे त्याला मान वर करता येत नव्हती. मी बाजूनं अंग चोरून गेले.

ठाणं तीन चौक पुढे. मिनीबस भरून चालल्या होत्या. मी पायीच निघाले.