खालच्या कपाटातले दोन दिवे

दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा बाहेर साठ-सत्तर माणसं उभी होती आणि एकही जण खोकत नव्हता. इतकी शांतता शाळेत मास्तरांनाही कधी मिळत नाही.

पूर्वी इथे रंगीत मासे विकायला असत. आता विकायला काही नव्हतं. मधोमध खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी, तिच्यात चार सुस्त मासे, आणि शेजारच्या खुर्चीवर खारेबाबा. हे नाव लोकांनी त्यांना दिलं की त्यांनीच लोकांच्या तोंडी घातलं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. विचारणाऱ्याची जागा उजवीकडे.

डावं-उजवं ठरायचं ते टाकीखालच्या कपाटात. तिथे दुसरी एक उथळ टाकी होती. वरचं पाणी नळीने खाली यायचं, तिथल्या समुद्री शेवाळातून फिरायचं, माशांनी केलेली घाण शेवाळाच्या पोटात घालायचं आणि पंपाने पुन्हा वर जायचं. शेवाळ म्हणजे नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता जणू. प्रत्येक भक्ताच्या नावाने त्याची एक चिमूट जाळीच्या डबीत, डबीवर नंबर. श्रद्धावंतांच्या डब्या डावीकडे, संशयी लोकांच्या उजवीकडे. तीन आठवड्यांनी डबी उघडायची. शेवाळ वाढलं तर माणूस वाढला. पांढरं पडलं तर...

ते वाक्य बाबा पुरं करत नसत.

"पाणी एक, शेवाळ एक," बाबांनी कपाटाचं दार उघडलं. "डावीकडे काय, तर हा मरतुकडा जांभळा दिवा. धड वाचताही येणार नाही याच्यात. आणि उजवीकडे? झगझगीत हिरवा! हिरव्याला हिरवा उजेड, याहून लाड ते काय करायचे? संशय घेणाऱ्याचे मी जास्त लाड करतो, बरं का. मग कुणाचं जगतं ते तुमचं तुम्हीच बघा. मी कोण सांगणारा?"

गर्दीच्या मागच्या टोकाला टेस्टरताई उभी होती. ती वायरमनचं काम करायची आणि टेस्टर कायम अंबाड्यात खोचलेला, म्हणून हे नाव. बाबांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती आली होती धाकट्या बहिणीच्या मागोमाग. ही छोटी आठवडाभर डोळ्याला डोळा देत नव्हती, आणि डोळा चुकवणारं माणूस काय लपवतं हे ताईला बघायचं होतं.

पहिली डबी एकोणीस नंबरची. पोस्टमनकाकांची. काका छातीच्या दुखण्याच्या गोळ्या सोडायला तयार नव्हते, म्हणून त्यांची डबी उजवीकडे गेली. गेल्या वेळी ती उघडली तेव्हा आत पांढरा चोथा होता. काका घाबरले. घरी जाऊन त्यांनी गोळ्या खिडकीबाहेर टाकल्या आणि नवी चिमूट मागून घेतली. ती अजून त्याच डबीत, उजवीकडेच होती. काका मात्र मंगळवारी गेले.

"शेवाळाने आधीच सांगितलं होतं," बाबा हळूच म्हणाले.

पुढच्या बाकावर काकांच्या बायकोने मान खाली घातली. जसं काही नवऱ्याने चारचौघांत तिची लाज काढली होती.

मग बाबांनी चाळीस नंबर उघडला. डाव्या दिव्याखाली काळपट दिसणारा गुंता पांढऱ्या बशीत, दाराशी उन्हात आला आणि हिरवागार निघाला. मुठीएवढा.

"ही कुणाची?"

"माझी," छोटी म्हणाली.

"गोळ्या?"

"बंद केल्या."

"किती दिवस झाले?"

"एकवीस."

छोटी अकरा वर्षांची असल्यापासून फिट्सच्या गोळ्या घेत होती. आता ती शिवणकाम करायची. दिवसभर हातात कात्री, गरम इस्त्री, आणि पायाखाली मशीन.

*

"तू वेडी आहेस का गं?" शिवणाच्या खोलीत ताईने दार लावून घेतलं. "डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्या म्हणणार घे."

"मग घे ना!"

"ताई, गोळी घेतली तर माझी डबी उजवीकडे जाईल. काकांचं बघितलंस ना?" तिने ब्लाउजपीस पसरला आणि कात्री घातली. "एकवीस दिवसांत एकदाही पडले नाही मी. एकदाही—"

कात्री अर्ध्यातच थांबली. छोटीचे डोळे समोरच्या भिंतीवर होते, पण भिंत बघत नव्हते. ओठ चोखल्यासारखे हलत होते. ताईने तिच्या बोटांतून कात्री काढून घेतली आणि न पडता येणारी ही फिट किती टिकते ते मोजलं. नऊ, दहा, अकरा.

"—पडले नाही," छोटी म्हणाली. "कात्री कुठे गेली?"

ताईने इस्त्रीचा प्लग ओढून काढला.

*

दोन दिवसांनी बाबांचाच निरोप आला: कपाटातल्या स्विचमधून ठिणग्या उडतात. उडणारच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून प्लगवर मिठाचा थर चढतो आणि मीठ बाबाबिबा ओळखत नाही. ताईने मेन स्विच बंद केला, थर खरवडला, नवे प्लग बसवले. बाबा बाहेर कुणाला तरी मोक्षाची मुदत समजावून सांगत होते.

दिवे चालू केल्यावर तिने सवयीने उलटा हात दोन्हींजवळ नेला. मरतुकडा जांभळा गरम. झगझगीत हिरवा थंडगार.

हे उलटं होतं. तिने पिशवीतलं वीज मोजायचं यंत्र आधी एका प्लगला लावलं, मग दुसऱ्या. जांभळा अडतीस वॅट. हिरवा पाच.

माणसाचा डोळा हिरव्याच्या बाबतीत भलताच भोळा. थोड्याशा हिरव्या उजेडाने तो दिपतो आणि भरपूर तांबड्या-निळ्याला अंधार म्हणतो. पण शेवाळ डोळ्यांनी जेवत नाही. त्याला लागतो मुख्यतः तांबडा आणि निळा उजेड. हिरवा ते बराचसा परत फेकतं, म्हणून तर आपल्याला हिरवं दिसतं. डावीकडे भरलं ताट होतं. उजवीकडे ताटाचं चकचकीत चित्र.

हे सगळं तिने घरी येऊन सांगितलं. छोटीने ऐकून घेतलं.

"तुझ्या आकड्यांतलं मला काही कळत नाही ताई. माझं हिरवं आहे एवढं कळतं."

ताई म्हणाली, "बरं. आकडे राहू दे. गुरुवारी बाबांकडे येताना दोऱ्याची रिळं घेऊन ये. लाल आणि पांढरं."

*

गुरुवारी बाबांनी कपाट उघडलं आणि लाडांचं भाषण सुरू केलं. अर्ध्यातच ताई पुढे झाली.

"बाबा, या हिरव्या दिव्याखाली माझ्या बहिणीला दोऱ्याचा रंग जुळवू द्या. एकच मिनिट."

"इथे शिवणकाम चालत नाही, बाई."

"दैवी उजेड आहे ना? मग दोऱ्याला कशाला भितो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दुकानातलं ते पहिलं हसू असावं. बाबा उठायच्या आत छोटीने लाल रीळ दिव्याखाली धरलं.

रीळ काळं झालं.

तिने ते बाहेर घेतलं. लाल. पुन्हा आत. काळं. मग पांढरं रीळ धरलं. ते हिरवंगार दिसलं, अगदी शेवाळासारखं. छोटीचा हात थांबला. या वेळी ताईने मोजलं नाही. छोटीचे डोळे जागेवर होते.

शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: दुकानाच्या दिव्याखाली दोरा कधी जुळवायचा नाही. दाराशी न्यायचा, उन्हात बघायचा. छोटी रोज तेच करायची. फक्त जीव जुळवायच्या वेळी तिने दिव्यावर भरवसा ठेवला होता.

"या उजेडात लाल नाहीच," ती सावकाश म्हणाली. "आणि मेलेलंसुद्धा इथे हिरवंच दिसतं. बशीत काढेपर्यंत कुणाला कळणारच नाही. ताई, ते जेवतं काय म्हणालीस?"

"तांबडा आणि निळा. डावीकडे दोन्ही आहेत, म्हणून तो जांभळा. उजवीकडे एकही नाही." ताईने यंत्राचे आकडे सगळ्यांना दाखवले. "पटत नसेल तर दिव्यांची अदलाबदल करा. तीन आठवडे थांबा. मग बघू श्रद्धा कुठल्या बाजूला वाढते ते."

"उजेडाला हिशेब विचारणारी माणसं..." बाबांनी सुरुवात केली.

"ह्यांची डबी," पोस्टमनकाकांची बायको उभी राहिली होती. आवाज इतका लहान की सगळे पुढे वाकले. "ह्यांची डबी पहिल्यापासून याच दिव्याखाली होती?"

बाबांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे ती पांढरी पडणारच होती. गोळ्या घेतल्या असत्या तरी. नसत्या घेतल्या तरी."

"हो, काकू," ताई म्हणाली.

काकू खाली बसल्या नाहीत. एकोणीस नंबरची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली, दाराशी नेली आणि उन्हात उघडून बघत राहिल्या. बाबा मागच्या दाराने कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. अर्धी माणसं उठली. अर्धी बसूनच राहिली, आणि हेच ताईला जास्त भीतीचं वाटलं. एकाने तर तिला बाजूला घेऊन विचारलं, "तो जांभळा दिवा कुठे मिळेल हो? घरीच ठेवतो म्हणतो."

त्याच दुपारी छोटी डॉक्टरीणबाईंसमोर बसली. गोळ्या कशा आणि किती सुरू करायच्या ते त्यांनी लिहून दिलं. फिट्स आटोक्यात येईपर्यंत इस्त्री आणि कात्री बंद.

बाबा पुन्हा कुठेतरी शटर उघडतील. तिथे शेवाळ नसेल, दुसरं काही असेल. आपण एवढंच करायचं: चमत्कार त्यांच्या दिव्याखाली बघायचा नाही. दाराशी न्यायचा, उन्हात धरायचा, उलटून बघायचा. तो बाहेर न्यायला कुणी अडवत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. आणि गोळी बंद करायची असेल, तर ती ज्याने दिली त्याला विचारायचं, कपाटाला नाही.

काकांच्या गोळ्यांचं पाकीट खिडकीखालच्या कुंडीत सापडलं. त्यात अजून सहा गोळ्या होत्या.