खळग्याचं घनफळ

आत्याच्या खिडकीपुढचा खळगा मी स्वतः मोजला होता. बागांसाठी माती आणि खडी पुरवणाऱ्या ठिकाणी मी काम करते. लोक क्षेत्रफळ सांगतात, आम्ही गाडी घनफळावर भरतो. मधलं गणित माझं. सहा मीटर लांब, चार रुंद, सरासरी दहा सेंटिमीटर खोल. म्हणजे दोन पूर्णांक चार घनमीटर. सैल माती दबते, म्हणून वर पाचवा हिस्सा.

माती टाकली, रोलर फिरवला, जमीन सपाट झाली. आठवड्याने खळगा पुन्हा तिथेच, तेवढाच खोल. दुसरी गाडीही तशीच गडप झाली.

"बाई, जमीन उपाशी आहे की तुमचं गणित कच्चं?" गाडीवाल्याने हसत विचारलं.

गणित मी पुन्हा तपासलं. दबली असती तर थोडी दबली असती, सगळी नाही. खाली पोकळी असती तर खळग्याचा आकार बदलला असता. माती नाहीशी होत नाही. ती कुठेतरी जाते.

तेवढ्यात आत्या खिडकीत आली. "काय गं, तोंड का पडलंय?"

आत्या बुटकी. खिडकीची चौकट नेहमी तिच्या छातीला लागायची. आज ती मांडीला लागत होती.

"आत्या, कशावर उभी आहेस?"

"कशावर म्हणजे? फरशीवर!"

चिखलाच्या पायांनी घरात यायचं नाही, असा तिचा दंडक. त्यामुळे इतके दिवस आमचं बोलणं खिडकीतूनच चाललं होतं. मी बूट काढून आत गेले आणि तिच्या खोलीच्या दारातच ठेचकाळले. तिथे एक उंच पायरी होती.

"ही कधी केलीस?"

"मी कशाला करू? तुझी माणसं येऊन गेली तेव्हा झाली. मला वाटलं, तूच करवून घेतलीस."

मी टेप लावली. चाळीस सेंटिमीटर. खोली चार बाय तीन, बारा चौरस मीटर. गुणाकार करायची इच्छा नव्हती, पण तो झालाच: चार पूर्णांक आठ. दोन गाड्या, दबल्यानंतरच्या. फरशीला साधा तडाही नव्हता. पलंग, कपाट, सगळं जागच्या जागी. फक्त छताच्या जवळ.

"आजच माझ्याकडे राहायला चल."

"का? इथे काय धाड भरलीये मला?" तिने भिंतीकडे बोट केलं. आतोबांनी दाढीचा आरसा स्वतःच्या उंचीला ठोकला होता, आणि ते गेल्यावरही तिने तो खाली घेतला नव्हता. "जन्मभर मला त्यात नुसतं छत दिसलं. आता बघ, डोळे दिसतात माझे. त्यांना घर असं वरून दिसायचं तर!" ती आरशाकडे बघून हसली. "अजून एक गाडी आण ना. त्यांच्या बरोबरीची होईन."

"आत्या, वर छत आहे."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

मी तिसरी गाडी रद्द केली. खळग्यात माती पडली नाही तर फरशी चढणार नाही. तोवर तिची समजूत काढून तिला बाहेर आणता येईल, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सगळ्या कुंड्या रिकाम्या होत्या, रोपं भिंतीशी आडवी टाकलेली. आत्या खळग्यात उभी राहून पायाने माती दाबत होती. शेजारी बादली.

"बरं झालं आलीस. या एका बादलीने किती वाढेल गं?"

सवयीने उत्तर तोंडून निघून गेलं. "दहा लिटरची आहे. एक मिलिमीटरसुद्धा नाही."

"चालेल की," ती म्हणाली आणि बादली उचलून कुंपणालगतचा वाफा उकरायला निघाली. "मला कुठे घाई आहे?"