पाचवा हेलकावा

एवढंसं काळं बटण, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, वरची पांढरी रेघ कुणाच्या तरी अंगठ्याने झिजून अर्धीच उरलेली — डावीकडे फिरवलं की सैल, उजवीकडे घट्ट. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दातही आत्ता इथे पडोत. त्याच्या मनातलं तुला कसं कळलं, असं मात्र कुणी विचारायचं नाही. कळलं.

तर ते बटण चिमटीत धरून तो जुन्या वाद्यांच्या दुकानात उभा होता, शेजारी पुतणी. माणूस कानाची मशीनं दुरुस्त करणारा, म्हणून सगळे त्याला कानवाले म्हणायचे. आणि त्याचे स्वतःचे कान काय सांगू! चौथ्या गल्लीतला नळ ठिबकायला लागला की हा घरबसल्या सांगायचा, वॉशर केवढा लागेल. एका म्हातारबुवांच्या मशीनची शिट्टी त्याने फोनवरून ऐकली, "कोपऱ्यातला स्क्रू पाव फेरा आवळा" म्हणाला, आणि म्हातारबुवांना बारा वर्षांनी बायकोचं बोलणं ऐकू आलं. आठवड्याभरात त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला, ती गोष्ट वेगळी.

असल्या माणसाला आधी चूक ऐकू येते. चांगलं काय होतं ते मागाहून... कधी कधी वीस वर्षांनी.

"मोठे काका, बोला की! कुठलं पेडल घेऊ?"

पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारचा आवाज एका बाजूने आत शिरतो, दुसऱ्या बाजूने झुलत बाहेर येतो. पोरीने बापाची गिटार माळ्यावरून उतरवली होती, नव्या तारा चढवल्या होत्या, आणि आता तिला तो झुलता आवाज हवा होता. तिच्या ऐपतीत बसणाऱ्या डब्या तीनच. पहिली एका आवाजाचे दोन करायची, दोघी बहिणी एकाच वेळी तक्रार सांगतात तसे. दुसरी आवाज गरागरा घुसळायची. तिसरी, ही सैल बटणाची, नुसता आवाज वर न्यायची, खाली आणायची, वर, खाली...

"तिसरी नका घेऊ," दुकानदार म्हणाला. "चार हेलकावे नीट घेते, पाचव्याला लंगडते."

"काका, असा धंदा केलात तर शटर खाली येईल एक दिवस," पुतणी म्हणाली.

"निम्मं आलेलंच आहे. वाकूनच आलात ना आत?"

ती हसली, आणि हसता हसताच तिने दुकानातली गिटार मांडीवर घेऊन तिसरी डबी दाबली. एक, दोन, तीन, चार — आणि पाचवा जरासा मागे राहून आला, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवून थांबावं तसा — आणि त्याला वीस वर्षांपूर्वीचा धाकटा भाऊ आठवला, ह्या पोरीचा बाप.

धाकट्याची डबी तिसऱ्याला थांबायची. तिच्यात तांदळाएवढा दिवा होता. तो उजळला की आवाज वर, मंदावला की खाली. जुना झालेला दिवा, दर तिसऱ्या खेपेला उशिरा उजळायचा, आणि धाकटा... धाकटा त्या उशिराची वाट बघत वाजवायचा, मागे राहिलेल्या सोबत्यासाठी वळणावर थांबावं तसा. बिघडलंय रे ते. असू दे रे दादा. अरे, कानाला टोचतं. तुझ्या कानाला, दादा.

मग तो कार्यक्रमाचा दिवस. धाकटा केस कापायला गेला होता, तेवढ्यात — त्याच्या मनातलंच सांगते — मी काय केलं? मी दिवाच तर बदलला. टोकं घासली, झाकण पुसलं, जुना दिवा कचऱ्याबरोबर झाडून टाकला. भावासाठी केलं. कुणीही केलं असतं... कुणीही नसतं केलं. इतका बारीक दोष ऐकू येणारा घरात मी एकटाच होतो.

संध्याकाळी धाकटा तिसऱ्याला थांबला, आणि कुणी मागे राहिलेलंच नव्हतं. हेलकावा त्याला ओलांडून पुढे निघून गेला. पुन्हा थांबला. पुन्हा गेला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या ह्याला सगळं ऐकू आलं, ह्याला नाही तर कुणाला येणार! शेवटी धाकट्याने वायर कोपराभोवती नीट गुंडाळली आणि म्हणाला, "मस्त झालं दादा. एकदम स्वच्छ." आणि हा काय म्हणाला? "बघ, आता कसं घड्याळासारखं चालतंय." तेव्हा बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. महिन्याभरात गिटार माळ्यावर गेली, धाकटा फरशांच्या दुकानात लागला, आणि दोघे भाऊ भेटले की फरशांवर बोलत राहिले, वीस वर्षं, फरशांवर.

"हीच," तो म्हणणार होता, ओठापर्यंत आलं होतं.

"एक सांगू? रागावू नका," पुतणी म्हणाली. "तुम्हाला मुद्दामच आणलंय. बाबा म्हणाले, मोठ्या काकांना घेऊन जा, आणि ते ज्या डबीला नाक मुरडतील ती डोळे मिटून घे."

दुकानदार खो-खो हसला. पुतणीही. म्हणजे धाकट्याला ठाऊक होतं... सगळं, आणि इतकी वर्षं तो हसत "दादा, चहा घेणार?" विचारत होता.

आता आली पंचाईत. ही चांगली आहे म्हणावं, तर पोरगी ती दुकानातच ठेवून देणार. वाईट म्हणावं, तर तो लंगडा आवाज धाकट्याच्या घरी परत जाणार, पण ह्याच्या तोंडून पुन्हा तेच खोटं गेलेलं असणार. शेवटी त्याने नाक मुरडलं, असं मुरडलं की चष्मा उडून गल्ल्यात पडला, आणि पोरगी डबी घेऊन उड्या मारत घरी गेली.

बरं बाबा, नाही. नाक मुरडल्याचं मी घातलं, पोरगी उड्या मारत गेल्याचंही त्याच्याबरोबरच गेलं. बाकी सगळं खरं.

खरं म्हणजे तो नुसता उभा होता. पुतणी त्याच्या नाकाकडे बघत तारा छेडत होती. खोटं बोललो तर मी तसाच राहतो; खरं बोललो तर आधी दिवा बदलल्याचं सांगावं लागेल, तेही धाकट्याच्या पोरीला... एक, दोन, तीन, चार. पाचवा आला नव्हता अजून, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण त्याच्यासाठी थांबलो आहोत, श्वास रोखून, आणि त्याने लवकर यावं असं आपल्याला मुळीच वाटत नाहीये.