साक्षीदार दगड

"हात दाखवा."

डॉक्टरबाईंनी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग मागची बाजू, शेवटी नखे. त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. पण कापखोलीच्या उंबरठ्यावर ही तपासणी त्यांनाही चुकत नसे.

"झालं समाधान, शंकासुर?"

"अंगठी काढून या."

"अहो, आज दगडाला हात लावायचा नाहीये. नुसती बातमी सांगायला आलेय."

"बातमी बाहेरूनही सांगता येते."

बाई हसल्या आणि त्यांनी बाहेरूनच सांगितली. आकाशातून पडलेल्या त्या काळ्या अशनीच्या कापात, एका भेगेच्या कडेने, मण्यांच्या माळेसारख्या साखळ्या दिसल्या होत्या. दगड साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा. त्या साखळ्या तितक्याच जुन्या असतील, तर पृथ्वीबाहेरही कधीकाळी सूक्ष्मजीव होते, असे ठरणार होते.

"शुक्रवारी अकराला जाहीर करतेय. सोळा वर्षं या दिवसाची वाट पाहिली."

"पाणी कुठलं होतं?"

"अभिनंदन म्हणतात आधी! पाण्याची नोंद तुमच्या वहीत आहे. खाली तुमची सही आहे, म्हणून तर मी निर्धास्त आहे."

एकोणतीस वर्षे शंकासुर (हे नाव संस्थेनेच ठेवलेले) या खोलीत दगड कापत होते. हिऱ्याच्या धारेच्या करवतीवर, पाण्याच्या संथ धारेखाली, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप. प्रत्येक अशनीबरोबर ते एक साधा दगडही कापत. तो आधी भट्टीत लाल होईपर्यंत तापवलेला असे, म्हणजे त्यात जिवंत किंवा मेलेले काहीच उरत नसे. करवत तीच, पाणी तेच. या दगडाला ते 'साक्षीदार' म्हणत. जे अशनीत दिसले तेच साक्षीदारातही दिसले, तर ते आकाशातले नव्हे, खोलीतले. या वेळी साक्षीदार स्वच्छ निघाला होता आणि बाईंचा शुक्रवार त्या स्वच्छतेवर उभा होता.

पण आजवर अकरा वेळा संस्थेत अशनीतले 'जीव' सापडले होते, आणि अकराही वेळा ते कुणाच्या तरी फडक्यातून, गाळणीतून, खोकल्यातून आलेले निघाले होते. अशनी कापला त्या सतरा तारखेपासून शंकासुरांनी चौकशी सुरू केली.

"मावशी, सतरा तारखेला फडका नवा होता की जुना?"

सफाईच्या मावशींनी बादली खाली ठेवली. "मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही, आणि तुम्हाला फडक्याची हवी! तुम्ही मला आत येऊ देता कुठे? उंबरठ्याच्या आत तुम्हीच पुसता की."

ते खरे होते. त्यांनी गाळणी तपासली. हातमोज्यांचा गठ्ठा, काप चिकटवण्याचा डिंक, करवतीचे वंगण, सारे तपासले. तीन दिवसांत कुणीही दोषी सापडले नाही. त्यामुळे त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

गुरुवारी सकाळी बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"अहो, साखरेच्या कपाटाची किल्ली द्या. मुंग्यांसाठी कुलूप लावणारा माणूस जगात एकच, तो नेमका माझ्या वाट्याला आला."

त्यांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून दिली. कपाट उघडले. डब्याच्या काठावरून मुंग्यांची रांग शिस्तीत चालली होती.

"घ्या! कुलपानं माणसं अडवलीत तुम्ही. मुंग्या आपल्या आतच आहेत."

चहा तसाच ठेवून ते उठले.

कापखोलीतल्या त्यांच्या कपाटाची किल्ली जुडग्यात तिच्याच शेजारी होती. ती आणखी कुणाकडेही नव्हती. आत एक पांढरा कॅन होता. दुसऱ्या विभागांतली माणसे शुद्ध पाणी उसने नेतात आणि भांडी बुडवतात, म्हणून त्यांनी पाच महिन्यांपूर्वी चांगले पाणी बाजूला काढून कुलपात ठेवले होते. सतरा तारखेला साक्षीदार कापून झाला. अशनी अर्धा कापला गेला असताना करवतीच्या टाकीतली पाण्याची पातळी उतरली, तेव्हा त्यांनी या कॅनमधून भर घातली आणि वहीत लिहिले: 'पाणी: तेच.'

त्यांनी हातमोजा काढला आणि कॅनच्या आतून बोट फिरवले. बुळबुळीत लागले.

मोरी तीन पावलांवर होती. कॅनबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हते, आणि पुढेही कुणी विचारणार नव्हते. कॅन हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी टाकी धुतली, कॅनमधले पाणी तिच्यात ओतले आणि भट्टीतून एक नवा साक्षीदार काढला.

दुपारी तीनला त्यांनी काप बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाई पडद्यावर वाकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, साखळ्या! आधीच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट! अशनीच्या कुठल्या बाजूचा काप हा?"

"अशनी नाही, बाई. साक्षीदार आहे. माझ्या कपाटातल्या पाण्यात कापलाय. सतराला तेच पाणी वापरलं होतं."

बाई पडद्यापासून मागे झाल्या.

"त्या दगडात खरंच काही असलं," बाई हळू म्हणाल्या, "तरी आता या कापावरून सांगता येणार नाही."

"नाही."

"ओतून का नाही टाकलंत? मला कधीच कळलं नसतं."

"नोंद चुकीची राहिली असती."

बाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "जा तुम्ही आता."

त्यांनी वही टेबलावर उघडी ठेवली. 'तेच' या शब्दावर एकच सरळ रेघ होती, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी खरी हकीकत, आजची तारीख, सही. वहीवर त्यांनी कपाटाची किल्ली ठेवली.

शुक्रवारी अकरा वाजता सभागृहातल्या खुर्च्या परत एकावर एक रचल्या गेल्या. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलले नाही.

सोमवारी त्यांच्या टेबलावर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'उरलेला तुकडा कापायचा आहे. दहा वाजता.'

ते कापखोलीपाशी आले. त्यांचे कपाट सताड उघडे होते, रिकामे. कुलूप कुठेच नव्हते. बाई आत, उंबरठ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. बोटात अंगठी नव्हती.

शंकासुर थांबले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी घाई केली नाही. आधी तळवे पाहिले, मग मागची बाजू.

"नखं वाढलीत," त्या म्हणाल्या.

शंकासुरांनी मान डोलावली आणि ते नखे कापून यायला मागे वळले.